खुर्ची उचलणारे हात

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) :

पत्र लिहिणाऱ्या बाई ६३ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात, २४ बिऱ्हाडांच्या सोसायटीत त्या २७ वर्षं राहतात. इमारतीला लिफ्ट नाही. यजमान २०२० साली गेले. गुडघ्यांमुळे आता तिसरा मजला चढवत नाही, म्हणून फ्लॅट विकून नागपूरला मुलीजवळ जायचं ठरलं. एजंटाने आणलेल्यांपैकी एक जोडपं त्यांना आवडलं. तो बँकेत, ती शाळेत गणित शिकवते, एक लहान मुलगी. ५८ लाखांना सौदा ठरला, एक लाख विसार घेतला. जोडपं मुसलमान आहे. हे कळल्यावर सेक्रेटरींनी जिन्यातच गाठून सांगितलं, सोसायटीची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) मिळणार नाही. मग गच्चीवर बैठक झाली. “इतकी वर्षं समाजाने तुम्हाला सांभाळलं, आता समाजाचं हित बघायची पाळी तुमची,” असं त्यांना ऐकवलं गेलं. एका सभासदाचा मेहुणा फ्लॅट घ्यायला तयार आहे, पण ५१ लाखांना. बाई लिहितात : “२०१४ साली रात्री पावणेदोनला ह्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा ह्याच लोकांनी त्यांना खुर्चीला बांधून खाली नेलं. त्यामुळे मला आणखी सहा वर्षं मिळाली. आता सात लाखांसाठी मी त्यांच्या विरोधात उभी राहू का? मी स्वार्थी ठरते का? आणि खरं सांगू, एजंटाने नाव सांगितलं तेव्हा क्षणभर मीही थबकले होते.”

प्रिय ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. दर वेळी एनओसी, सात लाख, सेक्रेटरी हे सगळं मागे पडलं आणि डोळ्यांपुढे राहिली ती खुर्ची. जेवणाच्या टेबलाची, पाठीला उभ्या पट्ट्या असलेली. यजमानांना तिच्यावर बसवून दोन चादरींनी बांधलं, दोघांनी पुढचे पाय धरले, दोघांनी पाठ. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी करावी लागली तेव्हा सगळा भार खालच्या माणसाच्या खांद्यावर आला, आणि तुम्ही वरून टॉर्च धरून उभ्या होतात. इतक्या बारकाव्याने आठवतंय म्हणजे ते ऋण तुम्ही रोज उगाळताय.

चौघांची नावंही तुम्ही लिहिली आहेत. पुढे गच्चीवर कोण काय बोललं तेही नावानिशी लिहिलंय. मी दोन्ही याद्या शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. खुर्ची उचलणाऱ्या चौघांपैकी एक जण वारले. एक मुलाकडे पुण्याला गेले. तिसरे, पहिल्या मजल्यावरचे काका, बैठकीला आलेच नाहीत. चौथे आले होते, पण तुमच्याच म्हणण्याप्रमाणे शेवटपर्यंत मान खाली घालून बसले होते. आणि “समाजाने तुम्हाला सांभाळलं” हे वाक्य ज्यांनी उच्चारलं, ते सेक्रेटरी २०१९ साली इमारतीत राहायला आले.

ताई, त्या रात्रीचे उपकार ह्या मंडळींचे नाहीत. दुसऱ्यांनी केलेल्या उपकाराची वसुली ती करत आहेत. तुम्ही मात्र “ह्याच लोकांनी” असं लिहून गेलात. त्या दोन शब्दांमुळेच तुम्ही कात्रीत सापडला आहात, म्हणून सुरुवात तिथून करते.

समाज म्हणजे नक्की कोण, हे मोजायची आपल्याला सवय नाही. तुमच्या इमारतीत २४ घरं. गच्चीवर आली ११ माणसं, त्यातली बोलली पाच. लेखी ठराव झाला नाही, इतिवृत्तात नोंद नाही. तरी खाली उतरताना निरोप आला तो “सगळ्यांचं असं म्हणणं आहे” असा. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना सांगितलं होतं की या मसुद्याने गाव टाकून व्यक्ती हा घटक धरला आहे, याचा आपल्याला आनंद आहे. गावाला त्यांनी अज्ञानाची, संकुचितपणाची आणि जमातवादाची गुहा म्हटलं. त्या वेळी अनेकांना ते फार लागलं. पण गावात “सगळे” म्हणजे कोण असतात, हे त्यांनी गावकुसाबाहेरून पाहिलं होतं. ज्यांचा आवाज चालतो त्यांनाच तिथे सगळे म्हणतात. बाकीचे मोजलेच जात नाहीत. तुमची गच्ची काही वेगळी नाही.

याचा अर्थ समाज ही खोटी चीज आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पावणेदोन वाजता राज्यघटनेचं कलम येऊन खुर्ची उचलत नाही, शेजारीच उचलतात. माणसाला माणसं लागतात, आणि बरेचदा ती आपल्या भाषेची, आपल्या जातीची, आपल्या धर्माची असतात, कारण आधार आधी तिथूनच मिळतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार आणि धर्मवार वसतिगृहं उभी करायला मदत केली. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य, एकेका समाजासाठी एकेक. आज कोणाला ते विचित्र वाटेल. पण खेड्यातल्या पोराला शहरात कोणी ओसरीवर उभं करत नव्हतं, तेव्हा त्याच्या समाजाला एकत्र करून त्याला छप्पर मिळवून द्यायचं, हा त्यामागचा विचार होता. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू झालं, त्याच्या संस्थेचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं होतं. तिथे समाजाची ताकद वापरली गेली ती पोरांना दाराच्या आत घेण्यासाठी. तुमच्या खुर्चीच्या वेळीही ती एका माणसाला जगवायला वापरली गेली. गच्चीवर तीच ताकद एका कुटुंबाला दाराबाहेर ठेवायला वापरतायत. दोन्हींना आपण “समाजाचं हित” हा एकच शब्द वापरतो, म्हणून तुमच्यासारख्या सरळ माणसांचा घोटाळा होतो.

आता तुमच्या पत्रातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचली ती सांगते. तुम्ही सगळा प्रश्न “मी आणि समाज” असा मांडलाय. एका पारड्यात तुमचे सात लाख, दुसऱ्यात शेजाऱ्यांचं मन. पाच पानांच्या पत्रात त्या जोडप्याला तीन ओळी आहेत. पण त्या तीन ओळींत तुम्ही लिहिलंय की त्या बाईंनी घर बघताना विचारलं, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं का? आणि त्यांच्या मुलीने जिना चढताना पायऱ्या मोजल्या, ५४ भरल्या. हे तुमच्या लक्षात राहिलं, म्हणजे ती माणसं तुमच्या मनात शिरली आहेत. हिशेबात मात्र तुम्ही त्यांना धरलेलं नाही. विसार घेतलाय म्हणजे शब्द दिलाय, ताई. व्यवहार मोडला तर तुमचं काय जाईल आणि सोसायटीचं काय राहील, हे तुम्ही बारकाईने लिहिलंत. त्यांचं काय होईल? कदाचित हे त्यांनी पाहिलेलं सातवं घर असेल. प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी भला माणूस त्यांना म्हणाला असेल, “माझं काही नाही हो, पण सोसायटी...”

हे वाक्य जुनं आहे. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी कामावर निघताना दहाबारा पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितलं. ही गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असते. त्यानंतर काय झालं ते कमी जणांना ठाऊक असतं. त्यांचे गावात दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांकडे ते गेले. हिंदू मित्राला वाईट वाटलं, चीडही आली. पण तो म्हणाला, तू माझ्याकडे आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारायला हवं. त्याची बायको मूळच्या ब्राह्मण घरातली, सोवळ्यातली. आंबेडकर काय ते समजले. कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

काठ्या घेऊन आलेल्यांचा राग येतोच. मला मात्र तो हिंदू मित्र राहून राहून आठवतो. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याही घरात एक छोटा समाज होता, नोकरांचा, आणि त्याच्या मर्जीवर त्याचा रोजचा दिवस चालत होता. आज तुम्ही त्या मित्राच्या जागी उभ्या आहात. तुम्हाला टोचायला हे सांगत नाही. तुमच्या हातात किती आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

माझंही सांगते. माझं माहेर मिरजेचं. ज्या गावात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरासाहेबांच्या दर्ग्यात देशभरचे गवई येऊन गातात, सतारमेकरांच्या दुकानांत भोपळे वाळत टांगलेले असतात, त्याच गावात २००९ च्या गणेशोत्सवात दंगल झाली, कर्फ्यू लागला. दंगल शमल्यावर आमच्या वाड्याच्या मागच्या अंगाला राहणारी दोन मुसलमान कुटुंबं वर्षभरात निघून गेली. त्यांना कोणी जा म्हटलं नाही. राहा असंही कोणी म्हटलं नाही. मी तेव्हा महिनाभर माहेरी होते. रोज त्यांच्या दारावरून दूध आणायला जायची, आणि मीही काही बोलले नाही. इतकी वर्षं झाली, पण गच्चीवर मान खाली घालून बसलेल्या त्या चौथ्या गृहस्थांबद्दल वाचताना मला माझीच मान दिसली.

तुम्ही स्वतः थबकलात त्याबद्दल तुम्हाला लाज वाटतेय. वाटू द्या थोडी, पण तिथे अडकून पडू नका. लहानपणापासून जे कानांवर पडलंय ते एजंटाच्या एका वाक्याने वर येणारच. तुम्ही थबकलात आणि नंतर त्यांना चहा दिलात, घर दाखवलंत, सौदा केलात. शेजाऱ्यांनाही थबकायला आणि मग पुढे सरकायला थोडा वेळ द्यायला हवा. गच्चीवर बोललेली पाचही माणसं द्वेषाने पेटलेली आहेत असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. त्यांना भीती आहे. भीतीला उत्तर देता येतं, म्हणून त्यांची एकेक धास्ती बघू.

“भाव पडेल.” तुमच्या हातातला सौदाच याला उत्तर आहे. भाव पाडतोय तो सभासदाचा मेहुणा, ५१ लाख सांगून. इमारतीतल्या शेवटच्या व्यवहाराचा आकडा पुढच्या प्रत्येक विक्रीच्या वेळी एजंट काढतात. तुम्ही ५१ ला विकलंत तर उरलेल्या २३ घरांचं नुकसान कोण भरून देणार? हे समाजाच्या हितात बसतं का, हे त्यांना जरूर विचारा.

“मटणाचा वास, बकरी ईद.” तुमच्याच इमारतीत श्रावण संपला की दर रविवारी किती घरांतून रश्श्याचा वास येतो, ते तुम्ही लिहिलंच आहे. प्राण्यांची कुर्बानी, जिन्यात चपला, गच्चीवर कार्यक्रम, लाउडस्पीकर यांबद्दल नियम हवे असतील तर सगळ्यांसाठी सारखे करा आणि लिहून काढा. गणपतीच्या मांडवालाही तेच लागू. महापालिकेचे नियम आहेतच. आणि ही शंका त्या जोडप्याला सरळ विचारता येते. कोणी विचारलंय का त्यांना?

इथे मला एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. मुंबईत मासे-मटण खाणाऱ्या मराठी कुटुंबाला एखाद्या सोसायटीने घर नाकारल्याची बातमी आली की आपण सगळे पेटून उठतो, आणि ते रास्तच आहे. आपल्याच राज्यात आपल्याला काय खाता म्हणून हिणवतात, हा अपमान आपल्याला बरोबर कळतो. तिथेही “आमच्या समाजाची संस्कृती जपायची आहे” हेच कारण सांगितलं जातं. ते कारण तिथे चालत नसेल तर आपल्या जिन्यात कसं चालेल?

“एक आला की दहा येतात.” ही भीती मला सगळ्यात खोल वाटते, म्हणून जरा थांबते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईच्या मिश्र वस्त्यांतून हजारो मुसलमान कुटुंबं मुंब्र्याकडे, मीरा रोडकडे गेली. काही वस्त्यांतून हिंदू कुटुंबंही उठून आपल्या माणसांत गेली. जीव मुठीत धरून गेलेली माणसं ती. नंतर परिस्थिती निवळली तरी पुष्कळांना परतायला घर मिळालं नाही, कारण जागोजागी अशाच बैठका झाल्या. आणि आज आपण मुंब्र्याकडे बोट दाखवून म्हणतो, त्यांना आपल्यातच राहायला आवडतं. एकगठ्ठा वस्ती तयार होते ती एकेकट्याला दार बंद केल्यामुळे. तुमच्या इमारतीत एक घर आलं तर ते २४ मधलं एक असेल. ज्यांना गठ्ठ्याची भीती वाटते त्यांनी खरं तर या एकाला हौसेने बोलवायला हवं.

आता नियमांकडे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी “दोन धर्मांत घर विकायला कलेक्टरची परवानगी लागते” असं टाकलंय. तो गुजरातचा १९९१ चा अशांत क्षेत्रांबद्दलचा कायदा, आणि तिथेही तो जाहीर केलेल्या भागांपुरताच आहे. महाराष्ट्रात असा कायदा नाही.

आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट विकून भाग हस्तांतरित करायला सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागत नाही. विहित नमुन्यात १५ दिवसांची नोटीस द्यायची, सोबत घेणाऱ्याची संमती जोडायची, थकबाकी भरायची, ठरलेलं शुल्क द्यायचं. हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे ट्रान्सफर फी, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त ₹२५,००० घेता येतं, त्यावर देणगी वगैरे मागता येत नाही. अडचण येते ती बँकेपाशी. गृहकर्ज देताना बँका सोसायटीचं पत्र मागतात. त्यासाठीही उपविधींत सोय आहे : लेखी अर्ज केला तर समितीने तो एका महिन्यात गुणवत्तेवर विचारात घ्यायचा असतो. “गुणवत्तेवर” हा शब्द महत्त्वाचा. सहकार कायद्याप्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारलं तर कारणासह कळवावं लागतं, आणि त्यावर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते. तेव्हा तुम्ही एवढंच करा : तोंडी बोलणं थांबवा. नमुन्यात अर्ज द्या, पोच घ्या, आणि नम्रपणे लिहा की नकार असल्यास कारण लेखी कळवावं. जिन्यात उभं राहून जे कारण सहज बोललं जातं, ते सोसायटीच्या लेटरहेडवर सही करून लिहायची वेळ आली की बहुतेकांचा हात थांबतो. त्या थांबण्यावर माझा बराच विश्वास आहे.

पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही. कायदा सगळीकडे तुमच्या बाजूने नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की फक्त पारशांनाच सभासद करून घेण्याची अट संस्थेच्या नोंदणीकृत उपविधीत असेल, तर ती बेकायदा ठरत नाही. घटनेतली समतेची हमी मुख्यतः सरकारला बांधते, चार लोकांनी मिळून काढलेल्या संस्थेला तशी बांधत नाही. पटो न पटो, निकाल आहे. म्हणून तुमच्या सोसायटीचे उपविधी आधी स्वतः वाचा. शहरातल्या बहुतेक सोसायट्यांसारखे तुमचेही आदर्श उपविधीच असतील, तर त्यांत धर्माची अट नसते, आणि पाच जणांच्या गच्चीवरच्या बोलण्याने ती घुसवता येत नाही. त्या निकालातून मी आणखी एक अर्थ घेते. जिथे कायद्याचा हात पोचत नाही तिथे फ्लॅट कोणाला मिळतो आणि कोणाला नाही, हे शेवटी तुमच्यामाझ्यासारख्यांच्या सहीवर ठरतं.

मग करायचं काय? माझं मत विचारलंत, तर शब्द पाळा. ५८ ला, त्याच जोडप्याला विका. सात लाख तुमच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला लागणार आहेत, असं तुम्ही लिहिलंय. त्यात स्वार्थ काय आहे? स्वतःच्या घामाच्या घराची रास्त किंमत घेणं याला आपल्या भाषेत स्वार्थ म्हणत नाहीत. इथे तर तुमचं हित आणि न्यायाची बाजू एकाच दिशेला आहे. असं दर वेळी होत नाही.

तरीही उद्या तुम्हाला वाटलं की या वयात हे झेपत नाही, रात्रीबेरात्री एकटी असते, शेवटचे चार महिने वैर नको, तर मेहुण्याला विका. मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. फक्त त्याला समाजासाठी केलेला त्याग म्हणू नका. ती माघार असेल, आणि माणसाला कधी कधी माघार घ्यावी लागते. तेव्हा त्या जोडप्याला “मुलीने नको म्हटलं” असं काही खोटं सांगू नका. खरं कारण सांगा, विसार ताबडतोब परत करा, आणि त्यांच्यापुढे मान खाली घालायची वेळ आली तर घाला. फ्लॅट भाड्याने देऊन ठेवायचा तिसरा पर्याय तुम्ही सुचवलाय, तो सोडून द्या. नागपूरहून भाडेकरू सांभाळायचं हे वय नाही, आणि प्रश्न तिथेच राहील.

जोडप्यालाच विकायचं ठरलं तर आधी त्यांना भेटा. आजच फोन करा. इमारतीत काय बोललं जातंय ते त्यांना सांगा. तुम्ही त्यांना वाचवण्यासाठी हे लपवलंत, तर त्यांचा निर्णय तुम्हीच घेतल्यासारखा होईल. लहान मुलगी घेऊन अशा ठिकाणी यायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. ते नको म्हणाले तर तो त्यांचा हक्क. या म्हणाले तर अर्धी लढाई संपली.

मग शेजारी. पुन्हा सगळ्यांची बैठक मुळीच बोलावू नका. जमावात माणूस शेजाऱ्याकडे बघून बोलतो. एकेका घरी जा, चहाच्या वेळी, विशेषतः त्या १३ घरांत जिथून गच्चीवर कोणी आलंच नव्हतं. वाद घालू नका. तुम्ही शिक्षिका आहात, कोणाला कधी प्रश्न विचारायचा आणि कधी गप्प बसायचं हे मी तुम्हाला काय सांगू. “तुम्हाला स्वतःला काय वाटतं?” एवढंच विचारा. “सगळ्यांचं म्हणणं” तुम्हाला ठाऊकच आहे. जमलं तर जोडप्याला एखाद्या रविवारी घरी बोलवा आणि समोरच्या दोन दारांना चहाला. बँकेतला माणूस आणि गणिताची बाई. दहावीचं पोर असलेल्या घरात गणिताच्या बाईला नाही म्हणणं सोपं नसतं.

हे वाचणाऱ्यांत काही जण कमिटीवर असतील. तुम्हाला सांगते, कोणी “लोकांचा विरोध आहे” म्हणालं की लोकांची नावं आणि कारणं इतिवृत्तात लिहायला सांगा. तुमचं काम तेवढंच आहे आणि ते पुरेसं आहे. काही वाचक मुसलमान असतील, ख्रिस्ती, जैन, बौद्ध असतील, आणि त्यांच्या वस्तीत हेच उलट्या बाजूने चालत असेल : घर बाहेरच्याला विकू नकोस, आपला मोहल्ला फुटेल. तिथली भीती जास्त खरी असू शकते, हे मला मान्य आहे, कारण संख्येने थोडे असलेल्यांना एकत्र राहण्यात जिवाची सुरक्षितता वाटते. तरी तिथेही घर विकणाऱ्या विधवेवर समाजाच्या नावाने दबाव येतो तेव्हा तो दबावच असतो. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो अशाच माणसांसाठी. जातपंचायत किंवा गावकी आपल्याच माणसाला वाळीत टाकते तेव्हा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. सोसायटीच्या भांडणात तो कायदा काढा असं मी म्हणत नाही. समाजापुढे एकटा माणूस चिरडू नये, हे या राज्याने एकदा लिहून ठेवलंय, एवढंच.

आता शेवटचं काम, आणि हे सगळ्यात आधी करा तरी चालेल. पहिल्या मजल्यावरचे काका. ज्यांच्या खांद्यावर वळणावर सगळा भार आला होता, ते हेच, तुमच्या पत्रावरून मला तसं दिसतं. ते बैठकीला का आले नाहीत ते तुम्ही त्यांना विचारलेलं नाही. त्यांच्याकडे जा. त्या रात्रीबद्दल बोला, बारा वर्षांत नीट आभार मानायचे राहून गेले असं तुम्हीच लिहिलंय, ते माना. मग व्यवहार सांगा. दस्तनोंदणीला दोन साक्षीदार लागतात. त्यांना विचारा, एक साक्षीदार म्हणून याल का? नाही म्हणाले तर चहा प्या आणि वर या, त्यांनी तुमचं काही देणं ठेवलेलं नाही. हो म्हणाले तर आधार कार्ड बरोबर घ्यायला सांगा, आणि निबंधक कार्यालयात सकाळी लवकर पोचा, अकरानंतर रांग फार वाढते.